गुंडप्पा शेटच्या न्हाणीतली देवी

मुरूमच्या गुंडप्पा शेटच्या घरामागची गल्ली त्या मंगळवारी सकाळीच बायकांनी भरून गेली होती. उमरग्याकडून, लोहाऱ्याकडून, पार आळंदच्या कानडी मुलखातून बैलगाड्या आल्या होत्या. दिवस थंडीचे, तरी प्रत्येक बाई डोक्यापासून पायापर्यंत ओली होती. विहिरीवर अंगावर पाणी घ्यायचं, नेसत्या लुगड्यानिशी अनवाणी यायचं आणि मगच देवीच्या दाराशी उभं राहायचं, असा बुवाचा दंडक होता. लेकरं कुडकुडत होती, म्हाताऱ्यांचे दात वाजत होते, आणि कुणाची तक्रार नव्हती.

देवीचं देऊळ म्हणजे शेटच्या घराची न्हाणी. दाराला हळदीचे पट्टे, वर झेंडूची माळ. आत दगडी फरशी, कोपऱ्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब आणि माळ्यावरच्या टाकीतून भिंतीवाटे आलेला एक लोखंडी नळ. त्या नळाला इतकं कुंकू फासलं होतं की लोखंड दिसतच नव्हतं. एकेक बाई आत जायची, ओल्या फरशीवर उभी राहून नळाला हात लावायची. लगेच तिच्या तोंडून किंकाळी फुटायची, हात खांद्यापासून उडायचा, एखादी मागच्या भिंतीवर आदळायची. बाहेर ‘आई राजा उदो उदो’चा गजर उठायचा.

“बघा, बघा!” दाराशी उभा असलेला रामकिसनबुवा हात नाचवत ओरडायचा. “ही दगडातली आई न्हाय, चांदीतली न्हाय! तुळजापूरला जल्मभर जाल, आईनं कधी हात धरला का? हितं धरती! पोटात पाप असंल त्याला झटकती, मन साफ असंल त्याला पोटाशी घेती. पटत न्हाय? ह्यो बघा!”

असं म्हणून तो खडावा खटखट वाजवत आत शिरायचा, नळ मुठीत गच्च धरायचा आणि खदाखदा हसायचा.

“लेकराला आई मारती व्हय?”

त्याला खरोखरच काही होत नव्हतं. आजूबाजूच्या गावांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुढं कोण काय बोलणार? बुवाला बाजारच्या दिवशी मात्र विश्रांती असायची. शेटचा कापसाचा जिन बंद असायचा तो दिवस. “आज आई तुळजापूरला गेल्या,” असं तो सांगायचा, आणि कुणी गाडी जुंपून लांबून आलेलं असलं तरी मुकाट मुक्काम करायचं.

हे सगळं सुरू झालं ते एका पंख्यापासून.

गुंडप्पा शेटचा जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, गावातला एकुलता एक. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, धाराशिवात अजून रॉकेलसाठी माणसं रांगेत उभी राहत होती. पण शेटनं जिनच्या इंजिनाला डायनामो जोडून घेतला होता, आणि इंजिन चालू असेपर्यंत त्याच्या घरात विजेचे दिवे लागत. न्हाणीला खिडकी नव्हती. मागून जिनवरची माणसं जा-ये करायची, म्हणून ती ठेवलीच नव्हती. त्यामुळं बंबाचा धूर आत कोंडायचा. तो बाहेर फेकण्यासाठी छताजवळ भिंतीत भोक पाडून शेटनं एक पंखा बसवला होता. दसऱ्याच्या सुमारास तो जळाला. घरातल्या सगळ्यांनी डोळे चोळत दिवस काढले, पण सुनेला, शिवगंगेला, ते सोसेना. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखायच्या.

तिचा नवरा सिद्धेश्वर एकदा कापसाच्या कामानं सोलापूरला गेला होता, तिथल्या जुन्या बाजारातून त्यानं दुसरा पंखा आणला. लढाईमुळं नवा मिळतच नव्हता. जिनचा मिस्त्री तेव्हा गावाकडं लग्नाला गेलेला. शेट म्हणाले, मिस्त्री येऊ दे. सिद्धेश्वर म्हणाला, “त्यात काय अप्पा? दोन तारा तर जोडायच्या.”

पंखा आधीच्यापेक्षा लहान होता. भोकात तो बसेना, डुगडुगायला लागला. मग सिद्धेश्वरनं भोकावर एक लोखंडी पट्टी आडवी ठोकली, तिच्यावर पंखा कसला, आणि पट्टी हलू नये म्हणून तिचं दुसरं टोक शेजारून जाणाऱ्या पाण्याच्या नळाला आवळून बांधलं. भिंतीतल्या जुन्या तारा आता पंख्यापर्यंत पोचेनात. त्यानं नव्या तारेचे तुकडे जोडले, जोडांवर कापडी पट्टी गुंडाळली आणि ते जोड लोखंडी पट्टीच्या मागं खुपसून ठेवले, दिसायला वाईट दिसू नयेत म्हणून. बटण दाबलं. पंखा घरघरला, धूर भोकातून ओढला गेला. त्या दिवशी शिवगंगा पहिल्यांदा डोळे न पुसता न्हाणीतून बाहेर आली आणि नवऱ्याकडं बघून हसली. सिद्धेश्वर त्या हसण्यावर दिवसभर खूश होता.

पण बंबाची वाफ रोज वर जात होती. कापडी पट्टी ओली झाली, वाळली, पुन्हा ओली झाली, आणि सैल पडली.

पहिला झटका बसला सासूला, शांताक्कांना. नळ सोडायला गेल्या आणि किंचाळून पडल्या. दुसऱ्या दिवशी धुणं धुणाऱ्या बाईला बसला. घरात सगळे हादरले. कुणी म्हणालं भूत, कुणी म्हणालं करणी. शांताक्कांच्या माहेराकडून नळदुर्गाच्या बाजूच्या एका देवऋष्याचं नाव निघालं, आणि रामकिसनबुवा दाखल झाला. तो न्हाणीत गेला, आत काहीतरी धाडकन आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तो पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर आला. ओसरीवर बसून पाणी प्यायला.  मग उठला, खडावा घालून पुन्हा आत गेला आणि या खेपेला हसत हसत बाहेर आला.

“शेट, नशीब काढलंत! भूत कसलं? साक्षात आई न्हायाला आलीया तुमच्या घरी!”

सिद्धेश्वरच्या मनात पंख्याचा संशय तेव्हाच आला होता. त्यानं एकदा बापाला म्हटलंही, “अप्पा, त्या पंख्याच्या तारेत तर काय नसंल?”

“गप बस,” गुंडप्पा शेट म्हणाले. “आपल्या दाराला मुलूख लागलाय. पोलिसांच्या अमीनसाबाच्या घरची माणसं येऊन गेली. आई आपल्या घरात आली अन् तू तारा कसल्या सांगतोस?”

सिद्धेश्वर गप्प बसला. बापापुढं बोलायची सवय त्याला नव्हती.

आणि मग लक्ष्मम्मा मेली.

लक्ष्मम्मा शेटच्या घरी भांडी घासायची, दळण करायची. नवरा कधीच गेला होता, एक मुलगी होती, नागूबाई, ती जिनवर कापूस वेचून साफ करायला जायची. शांताक्कांच्या गळ्यातल्या सरीतला सोन्याचा एक मणी हरवला. घरभर शोधला, सापडला नाही. बुवा म्हणाला, शोधता कशाला, आईलाच विचारू. लक्ष्मम्मा ओल्या अंगानं न्हाणीत उभी राहिली.

“म्या घेतला न्हाय, अक्का,” ती शांताक्कांना म्हणाली. “आईला ठावं हाय.”

“मग भ्यायचं कशाला?” बुवा म्हणाला. “एका हातानं न्हाय, दोनी हातांनी धर. खरी असशील तर आई सोडंल.”

तिनं दोन्ही हातांनी नळ धरला. आईनं सोडलं नाही. तिची बोटं नळाभोवती आवळली गेली, अंग ताठ झालं, तोंडातून शब्दही फुटला नाही. बाहेरच्यांना वाटलं, अंगात आलंय, म्हणून त्यांनी उदो उदो सुरू केलं. ती पडली तेव्हा गेली होती.

“न्याय झाला,” बुवा म्हणाला. त्याचाही आवाज बारीक झाला होता, पण शब्द हेच होते.

संध्याकाळच्या आत तिला माती दिली. दुसऱ्या दिवशीपासून नागूबाईला जिनवर कुणी घेईना. ती विहिरीवर आली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. चोराची पोर. देवीनं मारलेल्या चोराची पोर.

लक्ष्मम्माच्या भिंतीला भिंत लागून वजीर मास्तरांचं घर. वजीर मास्तर निजामाच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, शास्त्र शिकवत. हैदराबादला शिकलेले, विजेचं सारं शास्त्र त्यांनी उर्दूतून वाचलेलं. वर्गात ते विजेला ‘बर्क’ म्हणत, आणि पोरांना कळलं नाही की मराठीतून सांगत. त्यांची बायको रजियाबी गावातल्या बायकांच्या चोळ्या शिवायची. लक्ष्मम्माला शेवटची अंघोळ घालताना चार शेजारणींत तीही होती. त्या रात्री जेवणाला तिनं हात लावला नाही.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“तिचे हात बघितले म्या,” रजियाबी म्हणाली. “दोनी तळव्यांवर आडवा चट्टा. मधे पांढरा, कडेनं काळा. चुलीवर भाजल्यावर असं होत न्हाय. नळ धरला व्हता, तेवढ्याच जागी.”

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “ते बिजलीनं भाजलेलं हाय.”

दुसऱ्या दिवशी ते गुंडप्पा शेटकडं गेले. शेटनं त्यांना चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “मास्तरसाब, तुमी शिकलेली मानसं. पर तुमचा धरम येगळा. दिवस कसे आलेत ते तुमाला सांगायला नको. आमच्या देवीला खोटी म्हणायला तुमी आलात असं ह्या गल्लीतल्या लोकांना कळलं, तर उद्या म्या सुदीक काय करू शकणार न्हाय.”

ती धमकी नव्हती. खरंच होतं ते, आणि म्हणूनच मास्तर भ्याले. गावात हिंदू-मुसलमानांत कधी काही झालं नव्हतं, पण लांबलांबच्या बातम्या यायला लागल्या होत्या. घरी आल्यावर ते रजियाबीला म्हणाले, “म्या बोललो तर गाव पेटंल.”

“बरं, तुमी बोलू नका,” रजियाबी म्हणाली. “मला समजावून सांगा. झटका कधी बसतो, कधी बसत न्हाय, कशानं मरतो मानूस, सगळं सांगा.”

कारण तोवर बुवाचा नवा हुकूम निघाला होता. शेटच्या सुनेची कूस उजवत नाही, घरात एवढी आई आली तरी सुनेची ओटी रिकामी, म्हणजे सुनेच्या मनातच काहीतरी खोट आहे. येत्या मंगळवारी शिवगंगेनं सगळ्यांसमक्ष नळ धरायचा. दोन्ही हातांनी.

रजियाबी चोळीचं माप घ्यायच्या निमित्तानं शेटच्या घरी गेली. परसात दोघीच होत्या. शिवगंगा दोन दिवसांत वाळून गेली होती.

“भाबी, मला मरायला पाठवायलेत,” ती म्हणाली. “अत्तींना, शांताक्कांना, म्या कळवळून सांगितलं. त्या म्हणत्यात, मन साफ असंल तर भ्यायचं काय. लक्ष्मम्मालाबी हेच म्हणाले व्हते.”

“मला एक सांग बेटी. ती देवी इंजिन बंद असताना कधी कुणाला धरते का?”

शिवगंगा विचारात पडली. मग हळूच म्हणाली, “न्हाय. म्या बगितलंय. इंजिन थांबलं की म्या निवांत न्हाते. बाजारादिवशीबी. म्या कुनाला बोलले न्हाय. मला वाटलं, मीच काय तरी येडं बोलतेय.”

“येडं न्हाय. तूच एकली नीट बघणारी हाईस ह्या घरात.” रजियाबीनं तिच्या जवळ सरकून न्हाणीतला पंखा, पट्टी, नळ कसे बसवलेत ते विचारून घेतलं आणि मग नवऱ्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं. पंख्याच्या तारेतली वीज पट्टीत उतरली असणार, पट्टीतून नळात. डायनामोचं एक टोक जमिनीत पुरलेलं असतं, त्यामुळं वीज सारखी जमिनीकडं जायला वाट शोधते. ओली बाई अनवाणी उभी राहून नळाला शिवली की तिचं अंगच ती वाट होतं. “अन् सुक्या लाकडातून बिजली जात न्हाय. पायाखाली सुकं लाकूड असलं की वाट तुटते. आता मला सांग, तो बुवा पायात काय घालून आत जातो?”

शिवगंगेनं तोंडावर हात ठेवला.

त्याच दुपारी, घरातले वामकुक्षीला पडलेले असताना, जिन धडधडत होता तेव्हा तिनं जेवणाचा कोरडा पाट न्हाणीत नेला. त्यावर उभी राहिली. हात पदराला पुसून कोरडा केला. एका बोटानं नळाला शिवली. काही झालं नाही. मग सगळा हात लावला. काही झालं नाही. ती तशीच पाटावर उभी राहून रडली.

नवरा जिनवरून आला तेव्हा ती त्याच्यापुढं उभी राहिली. “पंख्याची तार तुमी जोडली ती कशी जोडली?”

सिद्धेश्वरनं मान खाली घातली.

“मंगळवारी मला आत धाडणार हायत. तुमी काय बोलणार हाव का न्हाय?”

तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर लक्ष्मम्मा कशानं मेली तेही बोलावं लागलं असतं.

आणि मंगळवार आला. गल्ली भरली. शिवगंगेला विहिरीवर नेऊन अंगावर पाणी ओतलं, कपाळ कुंकवानं भरलं आणि न्हाणीच्या दाराशी आणलं. गुंडप्पा शेट ओसरीवर बसले होते, शांताक्का खांबाला टेकून. सिद्धेश्वर जिनच्या दारात. गल्लीच्या तोंडाशी वजीर मास्तर येऊन थांबले होते, आणि त्यांच्या मागं बुरख्यात रजियाबी.

“जा पोरी,” बुवा म्हणाला. “आईपुढं लपत न्हाय काई.”

“जाते,” शिवगंगा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “पर आदी तुमी धरा, बुवा.”

बुवा हसला. “म्या तर रोजच धरतो!” आणि खडावा वाजवत निघाला.

“तसं न्हाय. खडावा काढून. आमच्यासारखं ओल्या पायानं.”

गल्लीतल्या बायका पुढं सरकल्या. जिनवर इंजिन धडधडत होतं.

“ह्या खडावा गुरूंनी दिल्यात,” बुवा म्हणाला. “जल्मात पायातल्या काढायच्या न्हाईत, अशी आन हाय.”

“पर काढल्या व्हत्या की!” हे बोलल्या शांताक्का, आणि बोलल्यावर त्यांनाच नवल वाटलं. “पयल्या दिवशी ओसरीवर काढून ठिवल्या व्हत्या तुमी. म्याच उचलून बाजूला केल्या. मग आत काय तरी पडलं अन् तुमी भाईर आलात ते भिताडाला धरून.”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शिवगंगा थांबली नाही. आतून पाट आणला, फरशीवर ठेवला, लुगड्याचा ओला घोळ वर खोचला, पाय आणि हात कोरडे केले, पाटावर चढली आणि नळ दोन्ही हातांनी धरला. बायकांनी डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. शिवगंगा नळ धरून उभी होती आणि सगळ्यांकडं बघत होती.

रामकिसनबुवा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं एका क्षणात हात वर केले. “आई पावली! पदरात घेतली सुनेला! शेट, वर्साच्या आत पाळणा हालंल! बोला, आई राजा—”

उदो उदोचा आवाज उठलाही असता. पण तेवढ्यात जिनच्या दारातून सिद्धेश्वर चालत पुढं आला. 

“ती आई न्हाय,” तो म्हणाला. “ती माझी तार हाय. पंखा म्या बसवला. तार म्या जोडली. मला पयल्यापासनं शंका व्हती.”

“सिद्धू!” शेट ओरडले.

“बोलू द्या अप्पा. शिवगंगा, आदी नळ सोड, मगच खाली ये.”

त्यानं न्हाणीकडं पाठ करून गल्लीच्या तोंडाशी बघितलं. “मास्तरसाब, तुमी या. लोकांना कसं दाखवायचं ते सांगा. हात म्या लावतो.”

वजीर मास्तर न्हाणीत पाय न ठेवता दाराशी उभे राहिले. एक बल्ब, दोन लांब तारा आणि लोखंडाची पहार, एवढंच त्यांनी मागितलं. पहार परसातल्या ओल्या जमिनीत ठोकायला लावली. बल्बची एक तार पहारेला बांधली. दुसऱ्या तारेचं टोक सिद्धेश्वरनं पाटावर उभं राहून, कोरड्या फडक्यात धरून, त्या कुंकू माखलेल्या नळाला टेकवलं.

बल्ब लागला.

तार उचलली, विझला. टेकवली, लागला. कुणीतरी उदो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मास्तर म्हणाले, “आता इंजिन बंद करायला सांगा.” जिनचा धडधडाट मंदावत गेला, तसा बल्ब लाल पडत पडत विझला. मग तार नळाला कितीही घासली तरी तो लागेना.

“म्हंजी... इंजिन म्हंजी देवी?” गर्दीतून एका म्हातारीनं विचारलं. कुणी हसलं नाही.

सिद्धेश्वर शिडी लावून वर चढला, पट्टीचे खिळे काढले, पंखा उपसला आणि सगळ्यांना दिसेल असा ओसरीवर ठेवला. कापडी पट्टी कुजून सोलली गेली होती. उघडी तार लोखंडी पट्टीवर टेकलेली, तिथं काळा डाग. मास्तरांनी तारेपासून पट्टी, पट्टीपासून नळ, नळापासून बाईचा हात, हातापासून ओले पाय, पायांपासून जमीन, असं बोट फिरवत दाखवलं. आवाज न चढवता, वर्गात शिकवतात तसं.

बुवा तोवर मागच्या मागं सरकत परसाच्या दारापर्यंत गेला होता. पण दारात नागूबाई उभी होती. ती तिथं केव्हा आली कुणालाच कळलं नव्हतं.

“सर बाजूला,” बुवा म्हणाला. ती सरली नाही. चारी बाजूंनी लोकांच्या नजरा आल्या तसा तो बावचळला. “आरं, मला काय ठावं बिजली-फिजली! म्या काय शाळा शिकलोय? मला इतकंच ठावं व्हतं, खडावा घातल्या की लागत न्हाय!”

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो.

नागूबाई त्याच्याकडं बघत होती. “तुमाला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “मग माझ्या आईला का न्हाय दिल्या?”

  लक्ष्मम्मा पडत असताना ज्यांनी गजर केला होता त्या बायकांनी पदर तोंडावर ओढले. चारदोन तरुण बुवाच्या अंगावर धावले, तेव्हा मास्तरांनी त्यांना अडवलं आणि अमीनाच्या ताब्यात द्यायला लावलं. अमीनानं त्याला दोन रात्री बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. लक्ष्मम्माच्या मरणाची नोंद ‘छातीत कळ येऊन’ अशीच राहिली. त्यात शेटचा शब्द होता हे सगळं गाव जाणत होतं.

सगळे लोक शहाणे झाले असंही नाही. मुसलमान मास्तर दाराशी आला म्हणून देवी निघून गेली, असं म्हणणारे पुढंही निघाले. वजीर मास्तरांच्या दारावर एकदा शेणाचे गोळे पडले. रजियाबीनं ते धुऊन काढले आणि कुणाला सांगितलं नाही.

सरीतला मणी सापडला नाही. नागूबाईनं सिद्धेश्वरकडं कसली भरपाईही मागितली नाही. तो तिच्या दाराशी गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “माझी आई चोर न्हवती, हे चावडीवर सगळ्यांम्होरं सांगा.”

सिद्धेश्वरनं सांगितलं. बाजारच्या दिवशी, चावडीच्या पायरीवर उभं राहून. लक्ष्मम्मा माझ्या तारेनं मेली, आणि मला शंका असून मी गप्प राहिलो म्हणून मेली, असं त्यानं सांगितलं. मग शिवगंगा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. शेटची सून चावडीवर बोलते म्हणून काही जण उठून गेले, तरी ती बोलली.

“बायांनो, मणी कुनी घेतला ते पंख्याच्या तारेला कसं कळावं? माझी कूस का उजवंना ते लोखंडाच्या नळाला कसं कळावं? आपुन इचारलंच न्हाय. देवीला माना, मी न्हाय म्हनत न्हाय. पर कुनी चमत्कार दावला तर आदी आपल्या डोळ्यानं खालपासून वरपर्यंत बगा. बुवाला का लागत न्हाय, मलाच का लागतंय, इचारा. इचारल्यानं कुठला देव रागावत न्हाय. आपुन न इचारल्यानं मात्र एक बाई आपल्या डोळ्यांदेखत मेली, अन् तवा आपुन उदो उदो करत व्हतो.”

नागूबाई गर्दीच्या कडेला उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, रिकामी घागर उचलली आणि विहिरीकडं निघाली. या खेपेला काठावरच्या बायका बाजूला झाल्या नाहीत. एकीनं आपली घागर सरकवून तिला जागा करून दिली.